मुंगीएवढ्या अक्षरातली सही

जांभळ्या मक्याची गोड पेज, आपी, शेगडीवर रटरटत होती. नेमेसिया तार्कीचा एक डोळा पातेल्यावर होता आणि एक कॉम्प्युटरवर. दोघांनाही तापायला सारखाच वेळ लागायचा. कॉम्प्युटर आधी घरघरायचा, मग म्हाताऱ्यासारखा खाकरायचा, मग बराच वेळ काहीच करायचा नाही, आणि आता हा गेलाच असं वाटेस्तोवर पडदा हळूच उजळायचा. पहाटे पडलेल्या गारा पत्र्यावर विरघळत होत्या, त्यांचं पाणी टप टप करत अंगणातल्या बादलीत पडत होतं. खिडकीत इयिमानीचं पांढरं शिखर ढगांतून वर आलं, थोडा वेळ अधांतरी तरंगलं आणि पुन्हा बुडालं.

पडद्यावर रोजची पाटी आली.

‘ही प्रत विकत घेतलेली नाही. विकत घेणं जमत नसेल, तर निदान दोन ओळी लिहून कळवा. जी. अरानसिबिया, टपालपेटी ८१४, कोचाबाम्बा.’

“उठलात का, अरानसिबिया? आज पाव कालचाच आहे हं,” नेमेसिया म्हणाली आणि कोपऱ्यातल्या फुलीवर बोट दाबलं. पाटी मिटली.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन ओरुरोला गेली. सकाळी उठल्यावर कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत तर घरात फळीवरचा एक मातीचा देव, एकेको, आणि एक ही पाटी. एकेकोशी बोलायचे वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीच्या दिवसांना पाटी होती.

आणि दार वाजलं.

तिच्या हातातला पळा तसाच राहिला. ला पासच्या वर, उंच पठारावर वसलेल्या एल आल्टोच्या त्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही, लोक कोपऱ्यावरूनच हाका मारत येतात. दार वाजवतात ते कचेरीतले. मागच्याच महिन्यात गुरुवारच्या बाजारात नकली डिस्का विकणाऱ्या दोन टपऱ्यांची झडती झाली होती म्हणे. अलासितासच्या जत्रेला अजून तीन आठवडे होते, आणि कॉम्प्युटर उचलून नेला तर यंदाचं वर्ष बुडालंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला भर सकाळी लख्ख दिसलं सगळं. मुलीला पाठीशी बांधायचं ते जुनं पट्टेरी कापड तिने खुंटीवरून ओढलं आणि कॉम्प्युटरवर टाकलं. कापडाखाली तो झोपलेल्या पोरासारखा मंद घुरघुरत राहिला.

दारात सत्तरीची एक किरकोळ बाई उभी होती. अंगात करड्या रंगाचा कोट, बुटांना रात्रभरच्या बसप्रवासाची धूळ. दम लागला होता, त्यामुळे ती आधी काही बोललीच नाही. खालून येणाऱ्यांना या उंचीवर दोन जिने चढले की बोलणं सुचत नाही. तिने नुसती मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर नखाएवढी पदवी होती, शिक्षिकेची, लाल मोहोर मारलेली.

“हे तुमच्याकडचं?”

“अशा शंभर जणी बनवतात,” नेमेसिया म्हणाली.

“शंभर जणी बनवत असतील. पण भिंगातून वाचता येतं ते एवढंच. एवढं बारीक करूनसुद्धा अक्षर फुटू न देणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम मला एकच माहीत आहे.” बाईने श्वास घेतला. “आणि खाली सही कुणाची आहे?”

नेमेसियाला भिंगाची गरज नव्हती. तिथे काय लिहिलंय ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. कुलगुरू, जी. अरानसिबिया.

“मी ग्रासिएला अरानसिबिया,” बाई म्हणाली. “मी कुलगुरू नाही. कधी नव्हते. मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे.”

नेमेसिया दाराची चौकट धरून उभी राहिली. रोज सकाळी पाण्यावर पडणारं प्रतिबिंब एक दिवस उठून ओल्या पायांनी घरात आलं, तर त्याला ‘या’ म्हणायचं की ‘कोण आपण’ विचारायचं? मागे आपी उतू गेली, शेगडीवर चर्र वाजलं, आणि त्या आवाजाने ती भानावर आली.

“या. बसा. आधी काहीतरी गरम घ्या.”

आता नेमेसियाविषयी. ती सरोवराकाठच्या गावात वाढली. चौदाव्या वर्षी वर एल आल्टोत आली आणि एका छापखान्यात झाडू मारायला लागली. तिथे इलारियोन नावाचा एक लाजरा मुलगा शिशाची अक्षरं जुळवायचा. त्याची बोटं काळी आणि डोळे तीक्ष्ण होते. पुढे दोघांनी संसार मांडला, तो अलासितासच्या कागदांवर. चोवीस जानेवारीला भर दुपारी बाराच्या ठोक्याला, वर्षभरात जे हवं त्याची बोटभर नक्कल विकत घ्यायची, धुरी देऊन, दारू शिंपडून, पाकळ्या उधळून ती पावन करून घ्यायची आणि घरी एकेकोच्या अंगावर अडकवायची. मग वर्ष सरायच्या आत खरी वस्तू चालत दारी येते. कुणाला घर हवं, तो घराचा कागद घेतो. कुणाला परदेशी जायचंय, तो पारपत्र. लग्नाचे दाखले, पदव्या, गाडीची कागदपत्रं, काडेपेटीएवढी वर्तमानपत्रं, सगळं इलारियोन हाताने जुळवायचा. त्यात त्याचे डोळे गेले. मग तोही गेला, दोन हजार सातच्या थंडीत.

नेमेसियाला अक्षरं जुळवता येत नव्हती. तिच्याजवळ होता एक जुना कॉम्प्युटर आणि मुलीची धर्ममाता फोर्तुनाता. फोर्तुनाताची बाजारात डिस्कांची टपरी होती. तिने दहा बोलिव्हियानोंची एक डिस्क नेमेसियाच्या हातात ठेवली. प्लास्टिकच्या पिशवीतली, वर मुंगीचं झेरॉक्स केलेलं चित्र. आतल्या छपाईच्या प्रोग्रामचं नाव सिसी. कोचाबाम्बाकडच्या बोलीत सिसी म्हणजे मुंगी. केवढंही मोठं पान द्या, सिसी ते नखाएवढं करायची, रेषा जिथे पुसट होतील तिथे जरा जाड करायची आणि एका कागदावर चौसष्ट पानं अशी मांडायची, की घडी घालून कापलं की वर्तमानपत्र तयार. त्या जानेवारीत नेमेसियाच्या घरची चूल सिसीवर पेटली. ती आजतागायत विझली नव्हती.

भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास काम केलं की तिला एक भास व्हायचा. मान वर करावी तर गल्ली, पत्र्याची घरं, दोरीवरचे कपडे, वरून अलगद सरकणारे केबलगाडीचे डबे, सगळं नखाएवढं वाटायचं. जणू कुणीतरी दुसरंच हे गाव एखाद्या जत्रेतून विकत घेतलंय आणि खरं गाव यायची वाट बघतंय.

ग्रासिएलाबाईंनी दोन्ही हातांनी पेला धरला होता. “माझं नाव का घातलंत?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. गणित चुकलेल्या मुलीला विचारावं तसं.

“खऱ्या माणसाचं नाव घालायची भीती वाटली,” नेमेसिया म्हणाली. “खऱ्या कुलगुरूंचं घातलं आणि ते आले भांडायला, तर? म्हणून जे नाव रोज समोर दिसायचं ते घातलं. मला वाटलं, काडेपेटीवर छापलेलं असतं तसं आहे ते. माणूस असेल असं वाटलंच नाही हो.”

“पण रोज तुमच्याशी...” असं नेमेसियाच्या तोंडावर आलं होतं, पण तिने जीभ चावली.

“आणि कशाकशावर घातलंत?”

“सगळ्यावर. घराच्या कागदांवर तुम्ही नोंदणी अधिकारी. पारपत्रावर मंत्री. लग्नाच्या दाखल्यावर...”

“मीच लग्नं लावली?”

“अर्ध्या एल आल्टोची.”

“आणि घटस्फोट?”

“तेही तुम्हीच. त्यांना हल्ली जास्त मागणी आहे.”

ग्रासिएलाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, “नेमे! अगं नेमे, जिवंत आहेस ना? धूर कसला येतोय?” आणि ताज्या पावाची पिशवी घेऊन फोर्तुनाता आत शिरली. नऊ वार घेराचा झगा, तिरकी टोपी, मागे दोन वेण्या. तिच्या येण्याने खोली लहान झाली. नेमेसियाने एका दमात सांगून टाकलं, या कोण ते.

फोर्तुनाताने पाव टेबलावर ठेवले. “अस्सं. म्हणजे ती पाटी खरी होती? मी आपली गिऱ्हाइकांना सांगायचे, पाटी दिसली की फुली मारा लवकर, नाहीतर पोलीस येतात.”

“तुम्ही सांगायचात?” ग्रासिएलाबाई म्हणाल्या. “मला अकरा वर्षांत चार पत्रं आली. त्यातलं एक शिव्या देणारं होतं.”

“मग काय करणार, मास्तरीणबाई? गरीब माणूस ‘मी चोरी केली’ असं लिहून पाकिटाला तिकीट लावून पाठवेल होय? आणि चोरी कसली त्यात? मोठमोठ्या कंपन्यांचा एक-एक प्रोग्राम घ्यायचा तर माझी पाच महिन्यांची कमाई जाते. त्या परदेशातल्या लोकांना माहीत तरी आहे का एल आल्टो कुठे आहे ते? मी दहात देते. त्यावर पोरं शिकली, दुकानं उभी राहिली, ही बघा, ही विधवा बाई उभी राहिली.”

“मी परदेशात राहत नाही,” ग्रासिएलाबाई म्हणाल्या. “मी कोचाबाम्बात राहते, भाड्याने. आणि मी पाच महिने मागितले नव्हते. एकशेवीस बोलिव्हियानो मागितले होते. तेही नसतील तर दोन ओळी.”

पण फोर्तुनाता हार मानणारी नव्हे. “आमच्यात आधी नक्कल येते, मग खरं येतं. आमचा देवच तसा.” तिने फळीवरच्या एकेकोकडे हनुवटी केली. मिशाळ, गुबगुबीत, दोन्ही हात पसरून तोंड उघडं ठेवून तो हसत होता.

“तुमचा देव एका वर्षाचा वायदा करतो,” ग्रासिएलाबाई शांतपणे म्हणाल्या. “मला अकरा झाली. माझं खरं कुठे अडकलंय?”

बादलीत थेंब पडत राहिले. नेमेसियाला तो आवाज फार लांबून, सरोवराकाठून आल्यासारखा वाटला.

मग बाईंनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. बाईंनी स्वतः लिहिलेली सिसी सांताक्रूसच्या एका कंपनीने उचलली होती. वरची पाटी खरवडून काढली, मुंगीच्या जागी गरुड लावला, आणि हे आम्ही दोन हजार तेरा साली बनवलं म्हणून नोंदणी कचेरीत अर्ज टाकला. सोमवारी खाली ला पासमध्ये सुनावणी होती. बाईंचा जुना कॉम्प्युटर सगळ्या पुराव्यासकट पुराच्या पाण्यात गेलेला. कारकून म्हणाला, तेराच्या आधीपासून हे तुमच्या नावाने वापरणारा एक तरी माणूस आणा, लेखी द्या. एक पुरे.

“एकोणीस छापखाने फिरले,” त्या म्हणाल्या. “एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी सिसी चालू होती, आवाजावरून कळतं मला. सगळे म्हणाले, आम्ही नाही बुवा वापरत. एकाने तर माझ्यादेखत त्यावर टॉवेल टाकला. शेवटी एका जुन्या विद्यार्थिनीने ही पदवी दाखवली आणि एल आल्टोत कुणाकडून घेतली तेही सांगितलं.”

नेमेसियाने कोपऱ्यातल्या पट्टेरी कापडाकडे पाहिलं नाही.

“नोंद त्यांच्या नावावर झाली, की माझीच मुंगी मी कुणाला दिली तर चोर मी ठरेन. पैसे नकोत असं नाही म्हणत मी. पैसे कुणाला नको असतात? पण आधी ती माझी आहे हे तरी कुणीतरी म्हणायला हवं.”

कागदावर मोकळ्या जागा होत्या. मी, अमुक अमुक. ओळखपत्राचा क्रमांक. सिसी मी अमुक सालापासून वापरते. ती मी विकत घेतलेली नाही. मला ती अमुक यांच्याकडून मिळाली.

“यावर सही केली तर पुढे काय?” नेमेसियाने विचारलं.

“माझ्याकडून काहीच नाही. दुसरं कुणी विचारायला येणारच नाही असं मात्र मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?”

“झालं तर!” फोर्तुनाता म्हणाली. “नेमे, कापडाखाली सिसी एकटी नाही, माहितेय ना? बाकीच्या नकलांचं गोकुळ पण तिथेच आहे. आणि ‘अमुक यांच्याकडून’ तिथे कुणाचं नाव येणार? माझं. मागच्या महिन्यात दोघींच्या टपऱ्या उचलल्या. तुझ्या पोरीचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय, विसरू नकोस.”

नेमेसिया उठून खिडकीपाशी गेली. इयिमानी आता पुरता दिसत होता, साखरेचा करून ठेवल्यासारखा. तिने आयुष्यात लाखभर सह्या छापल्या होत्या. मंत्र्यांच्या, कुलगुरूंच्या, नोंदणी अधिकाऱ्यांच्या. घराच्या कागदावरची सही लागू पडली म्हणून लोक तिला पहिल्या विटेचा तुकडा आणून दाखवायचे. पण मोठ्या कागदावर, खऱ्या शाईने, स्वतःचं नाव तिने कधी लिहिलं होतं? लग्नात. आणि इलारियोन गेला तेव्हा.

त्या पहिल्या जानेवारीत एकशेवीस नव्हते. खरंच नव्हते, पिठाला नव्हते. दुसऱ्या जानेवारीतही नव्हते. पण चौथ्या वर्षी तिने मुलीला शिवणयंत्र घेतलं. सहाव्या वर्षी छपराचा पत्रा बदलला. तेव्हा होते. रोज पाटी यायची, रोज ती फुलीवर बोट दाबायची, आणि वर पावाची खबर सांगायची.

ती फळीपाशी आली. आज बुधवार, एकेकोच्या सिगारेटचा वार नव्हे. तरी तिने एक पेटवली, त्याच्या उघड्या तोंडात ठेवली, आणि टोकाचा निखारा लाल होईस्तोवर हात जोडून उभी राहिली.

“काय करतेस?” फोर्तुनाता कुजबुजली. “दिलेलं काढायचं नसतं त्याच्याकडून!”

“काढत नाही. उसनं मागतेय.”

दरवर्षीचं पहिलं वर्तमानपत्र ती एकेकोला द्यायची. त्याच्या लोकरी अंगरख्याखाली ती एकावर एक बांधलेली होती, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. तिची बोटं आत आत गेली. पोपटी, गुलाबी, पिवळट आणि सगळ्यात आत तपकिरी पडलेला एक कागद. जानेवारी दोन हजार आठ. शेवटच्या पानावर तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, संपादक, जी. अरानसिबिया.

ग्रासिएलाबाईंनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग ते खाली ठेवून चष्मा पुसला.

“त्यांनी सगळीकडून माझं नाव पुसलं,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही बिनपैशाने छापत राहिलात.”

“अकरा वर्षांचे आहेत,” नेमेसिया म्हणाली. “सगळे घेऊन जा. जपून आणा परत, तो वाट बघेल.”

तिने कापड ओढून काढलं. पडद्याचा निळा उजेड तिघींच्या तोंडावर पडला. मग ती टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. पेन तिला विजेच्या खांबाएवढं वाटलं. नाव लिहिलं. साल लिहिलं. ‘विकत घेतलेली नाही’ यापुढे खूण केली आणि, कुणी सांगितलं नव्हतं तरी, बाजूला लिहिलं, ‘पुढे पैसे होते तेव्हाही नाही.’ ‘अमुक यांच्याकडून’ इथे येऊन हात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

फोर्तुनाताने पाव मोडला, आपीत बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला.

“लिही,” ती शेवटी म्हणाली. “बाजारातल्या एका बाईकडून. बाजारात बाया हजार असतात.”

“खोटं नाही ते,” ग्रासिएलाबाई म्हणाल्या.

“खोटं मी बोलतच नाही, मास्तरीणबाई. नक्कल विकते, खोटं नाही विकत.” मग जरा खालच्या आवाजात, “पाटीवर काय लिहिलंय ते मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं कधी. मला अक्षरओळख नाही.”

ग्रासिएलाबाईंनी पावाची पिशवी आपल्याकडे ओढली, एक पाव घेतला आणि अर्धा मोडून फोर्तुनातापुढे ठेवला.

नेमेसियाने सही केली. शाई वाळेपर्यंत तिने कागद खिडकीत धरला. मागून डोंगराचा उजेड आला आणि क्षणभर तिला तो कागदही लहान दिसला, कुणाच्या तरी तळहातावर मावेल एवढा.

जाताना ग्रासिएलाबाई कॉम्प्युटरपाशी थांबल्या. त्याची घरघर त्यांनी मान कलती करून ऐकली. “हा फार दिवस नाही काढायचा,” त्या म्हणाल्या. “सोमवारी नीट झालं तर नव्या मशीनवर चालणारी सिसी करून देईन. मला अजून येतं.”

नेमेसियाने फडताळातला चहाचा डबा उघडला, एकशेवीस बोलिव्हियानो काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले, नको म्हणाल्या नाहीत, कोटाच्या आतल्या खिशात कागदाशेजारी ठेवले.

“झालं. आता तुमची प्रत विकत घेतलेली. आता नव्या सिसीत पाटी येणार नाही.”

“येणार नाही?”

“ती फक्त न घेतलेल्या प्रतींवर येते.”

नेमेसिया दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेली. दार उघडलं. बाहेर गारांचं पाणी गल्लीभर चमकत होतं.

“एक मागू का, बाई?” ती म्हणाली. “नव्या सिसीत ती पाटी राहू द्या. मला सकाळी तुमच्याशी बोलायची सवय आहे.”